स्वयंपाकघरांतील नवी मोरी

घरांत नवी वस्तु आणावयाची झाली म्हणजे पुरुषांनीं दुकानांत जावें, किंमत ठरवावी, आणि वस्तु घरीं आल्यावर बायकांनीं तिच्याशीं जमवून घ्यावें, अशी रीत पुष्कळ कुटुंबांत अजून चालू आहे. खुर्ची किंवा पंखा यांच्या बाबतींत ती चालून जाते. परंतु जेथें गृहिणीचे हात दिवसांतून चार-पांच वेळां पाण्यांत असतात, त्या मोरीच्या बाबतींत ती चालूं देणें योग्य नव्हे, असें आमचें मत आहे.

युसूफ वडगांवीं आमच्या घरीं ओट्यावरील मोरी, म्हणजे सध्यां जिला सिंक म्हणतात ती, आणि तिचा नळ बदलण्याचा प्रसंग नुकताच आला. जुना नळ ठिबकूं लागला होता. रात्रीं ९ पासून सकाळीं ६ पर्यंत आम्हीं त्याखालीं पातेलें ठेविलें, तों साडेचार लिटर पाणी जमलें. म्हणजे दिवसास १२ व महिन्यास ३६० लिटर. जल जीवन मिशनमध्यें खेड्यांत माणशीं रोज ५५ लिटर हें माप धरलेलें आहे. त्या हिशोबानें सहा माणसांचें एका दिवसाचें पाणी दर महिन्यास व्यर्थ जाण्याची वेळ आली होती. आमच्याच केज तालुक्यांत धनेगांव येथें मांजरा धरण आहे. तें कोरडें पडलें तेव्हां लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. १२ एप्रिल २०१६ रोजीं पोंचलेल्या पहिल्या गाडींत दहा वाघिणींतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. तो उन्हाळा ज्यांनीं पाहिला, त्यांस थेंबांचा हिशोब क्षुल्लक वाटणार नाहीं. अमरकोशांत पाण्याच्या नांवांत ‘जीवन’ हेंही एक नांव आहे. मराठवाड्यांतील मुलांस त्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाहीं.

चिरंजीवांचें मत खूप खोल व चकचकीत मोरी आणावी असें पडलें. आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें, खरकटें आणि पिण्याचें पाणी एके ठिकाणीं येऊं नये. धाकट्या सूनबाई मात्र गप्प होत्या. “तुम्ही सर्व ठरवाल तें, मामंजी,” एवढेंच त्या म्हणाल्या. तेव्हां आम्हीं सांगितलें, “भांडीं तुम्ही घासतां, बोलण्याचा पहिला अधिकार तुमचा.” मग त्या मोकळेपणानें बोलल्या. मोरी फार खोल असली म्हणजे तळाशीं हात पोंचविण्यासाठीं वांकावें लागतें व कंबर धरते. नळ असा असावा कीं कणकेनें भरलेला हात न लावतां मनगटानें उघडतां यावा. आणि घरांतील सर्वांत मोठें पातेलें आडवें मावलें पाहिजे.

त्याप्रमाणें २४ इंच लांब, १८ इंच रुंद व ८ इंच खोल मोरी ठरली. पत्रा ३०४ या प्रतीचा घेतला; त्यांत सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें, म्हणून तो सहसा गंजत नाहीं. लोहचुंबक चिकटला नाहीं कीं माल उत्तम, अशी समजूत आहे. परंतु निकेल कमी व मँगेनीज अधिक असलेल्या २०२ या हलक्या प्रतीसही तो बहुधा चिकटत नाहीं. यास्तव पावतीवर प्रत लिहून घ्यावी. नळ पाव फेऱ्यांत उघडणारा घेतला. त्यांत रबराच्या चकतीऐवजीं चिनीमातीच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. विंधन विहिरीच्या पाण्यांतील रेतीनें त्यांवर चरे पडतात, म्हणून नळाच्या अलीकडे बारीक जाळी बसविली. पाणी जड असल्यामुळें तोंडाशीं पांढरे थर धरतात. ते लिंबाच्या रसानें सुटतात.

बसवितांना आटे टेफ्लॉनच्या फितीनें गुंडाळले आणि कडा सिलिकॉननें सांधल्या. मोरीखालील नळीस वांकण ठेविलें. त्यांत थोडें पाणी सदैव अडून राहतें, म्हणून गटाराची दुर्गंधी व झुरळें वर येत नाहींत. सांधे वाळल्यावर मोरी कांठोकांठ भरून एकदम सोडली आणि खालीं कोरडा कागद पसरून पाहिलें. एक थेंबही पडला नाहीं. तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी बादलींत धरून परसांतील अळवास जातें, साबणाचें शोषखड्ड्यांत. पिण्याच्या पाण्याचा माठ ओट्याच्या दुसऱ्या टोकास ठेविला, त्यामुळें सौभाग्यवतींचेंही समाधान झालें.

या सर्वांस चार दिवस लागले. आठवड्यानें सूनबाई आपण होऊन म्हणाल्या, “मामंजी, डब्यांची फळी फार उंच आहे, थोडी खालीं घेतां येईल काय?” इतकीं वर्षें त्या पाटावर चढून डबे काढीत होत्या. फळी त्याच दिवशीं खालीं घेतली. वाचकांनीं आपल्या घरीं कांहीं बदलण्यापूर्वीं, तेथें रोज कोण उभें राहतें तें पहावें, आणि त्या माणसास आधीं विचारावें.