भाल्यांच्या सावलीतली दया

मोठ्या कॅनव्हासवर उभी सरळ रेघ ओढताना हाताचा कस लागतो. रेघ लांबत गेली की मनगट थरथरतं. म्हणूनच दिएगो वेलाझ्केझच्या ‘ब्रेडाची शरणागती’ या चित्रासमोर चित्रकाराची नजर माणसांआधी उजवीकडच्या भाल्यांवर खिळते. दाटीने उभे, आभाळाला भिडलेले भाले. स्पेनमध्ये हे चित्र ‘लास लांसास’, म्हणजे ‘भाले’, याच नावाने प्रसिद्ध आहे.

नऊ महिन्यांच्या वेढ्यानंतर जून १६२५ मध्ये ब्रेडा शहर डच सैन्याच्या हातून गेलं. चित्रात लढाई नाही, दूरवर नुसता धूर. सगळं युद्ध सांगितलंय ते उभं राहण्याच्या ढबीतून. डावीकडे डचांची शस्त्रं मोजकी, विस्कळीत. समोर स्पॅनिश भाल्यांची शिस्त. त्यातले काही मात्र वेलाझ्केझने मुद्दाम कलते ठेवलेत. तेवढ्यानेच त्या रांगेत माणसं असल्याची खूण पटते. सगळेच काटेकोर सरळ असते, तर ते नुसतं कुंपण झालं असतं.

वेलाझ्केझच्या सुमारे दोनशे वर्षं आधी पाओलो उच्चेल्लोने ‘सान रोमानोची लढाई’ रंगवताना मोडके भाले जमिनीवर पाडले, पण तेही यथार्थदर्शनाच्या रेषांवर नेमके बेतून. रणधुमाळीतही गणित ढळलेलं नाही.

वेलाझ्केझचं धाडस मात्र चित्राच्या मधोमध आहे. अशा प्रसंगी जेता घोड्यावर आणि हरलेला गुडघ्यांवर, ही चित्रकारांची ठरलेली मांडणी. इथे स्पॅनिश सेनापती स्पिनोला घोड्यावरून उतरलाय. डाव्या हातात टोपी आणि सेनापतीचा दंड; उजवा हात हरलेला डच सेनापती नासाऊचा युस्टिन याच्या खांद्यावर, त्याला वाकू न देणारा. दोघांमध्ये शहराची किल्ली, मागच्या उजेडावर गडद उमटलेली. स्पिनोलाबरोबर वेलाझ्केझने १६२९ मध्ये इटलीचा प्रवास केला होता. त्या चेहऱ्यावरची आपुलकी ओळखीतून आली असावी.

तरीही या सौजन्याला भुलून भाले विसरता येत नाहीत. स्पिनोलाचा हात इतका हळुवार होऊ शकतो, कारण त्याच्या पाठीशी ते उभे आहेत. दया दाखवण्याची ऐपतही सत्तेचीच, आणि हे सांगायला वेलाझ्केझला उगारलेली एकही तलवार लागली नाही. युद्धचित्रांत याहून नेमकं सत्तेचं चित्र क्वचितच सापडेल.

माद्रिदच्या बुएन रेतिरो राजवाड्यात, स्पेनच्या विजयांच्या बारा चित्रांमध्ये हे चित्र १६३५ च्या सुमारास लागलं. स्पिनोला १६३० मध्येच वारला होता. आणि १६३७ मध्ये डचांनी ब्रेडा परत जिंकून घेतलं.