उठलेला गडी

आमच्या घरात गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर जे युद्ध पेटले, त्याचे कारण जमीनजुमला नव्हता, दागदागिने नव्हते, की सासूसुनेचा सनातन कलहही नव्हता. कारण होती एक हाफपँट. निळ्या रंगाची, बाजूला दोन पांढरे पट्टे असलेली, आमच्या धाकट्या कन्येच्या मापाची.

धाकटी आठवीत. वर्ध्याच्या ज्या शाळेत ती जाते, तेथे मुलींचा कबड्डीचा संघ निघाला आणि त्यात तिची निवड झाली. ती गणवेश घेऊन नाचत घरी आली तेव्हा आई अंगणात चिवड्याचे पोहे उन्हाला घालीत बसली होती.

"हे काय आणलंस गं?"

"ड्रेस, आजी. कबड्डीचा."

आईने हाफपँट दोन बोटांत धरून उंच केली. "हा तर अर्धाच आहे. उरलेला कुठे विसरून आलीस?"

सौभाग्यवती स्वयंपाकघरात हसली. ते हसणे आईच्या कानी गेले, आणि पुढचे चार दिवस घरात पोह्यांखेरीज काहीही कुरकुरीत राहिले नाही. "मुलीच्या जातीनं मांड्या उघड्या टाकून चारचौघांत हुतूतू खेळायचं नाही," हा आईचा निकाल. "हुतूतू नाही गं आजी, कबड्डी!" ही धाकटीची दुरुस्ती. मुख्य मुद्दा बाजूला राहून दोघी नावावरूनच दिवसातून पाचसहा वेळा भांडत.

अशा प्रसंगी घरातला कर्ता पुरुष जे करतो तेच मी केले. पुस्तकात तोंड खुपसले. धाकटीच्या दप्तरात खेळाचे नियम होते, ते काढून वाचीत बसलो. आणि वाचकहो, त्यात मी खरोखरच रमलो. लहानपणी रामनगरच्या धुळीत मीही पुष्कळ गुडघे फोडून घेतले आहेत. पण आपण काय खेळत होतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

पहिला उलगडा नावाचा. आपल्याकडे ज्याला हुतूतू म्हणत, त्यालाच बंगालकडे हाडुडू, तमिळ मुलखात चेडुगुडू आणि उत्तरेत कबड्डी. जितकी गावे तितके नियम, आणि जितके नियम तितकी भांडणे! १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशी लोकांना करून दाखवला तो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी. अमरावती म्हणजे आमचा शेजार. मध्ये काय ती वर्धा नदी. पुढे १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, देशभर एक नियम आणि एक नाव चालू झाले, आणि नावांच्या या सामन्यात कबड्डीने हुतूतूला बाद केले. बुवा साळवींसारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत खेळाला पदकांचा मान मिळाला. मुलींना तो मान मिळायला मात्र २०१० साल उजाडावे लागले.

दुसरा उलगडा कपड्यांचा. पूर्वी गडी लंगोट लावून, उघड्या अंगाने मातीत उतरत. पुढे नियमांनी बनियन आणि अर्धी चड्डी आणली. आत लंगोट असावा, असेही बजावले. अंगाला तेल लावायचे नाही, कारण तेलकट गडी हातातून मासोळीसारखा निसटतो. नखे कापलेली हवीत. बनियनवर क्रमांक हवा, पुढे निदान ४ इंचांचा आणि पाठीवर ६ इंचांचा. पाय अनवाणी असत; मातीची जागा मॅटने घेतली तेव्हा त्यांत बूट आले. मी हे सारे आईला मोठ्या उत्साहाने ऐकवले.

"म्हणजे बघ, पूर्वी तर नुसत्या लंगोटावर खेळत!"

"पुरुष खेळत," आई म्हणाली. "पुरुष कशावरही खेळतात."

यावर काय बोलणार? मी पुन्हा पुस्तकात शिरलो.

तिसरा उलगडा मला फार आवडला. जुन्या काळी या खेळाचे तीन प्रकार होते, आणि नावे तरी किती सुरेख! एक 'अमर'. यात गडी बाद झाला तरी मैदान सोडीत नाही. प्रतिपक्षाला गुण मिळतो, गडी खेळतच राहतो. दुसरा 'गामिनी'. यात गेलेला गेला. सगळा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसून राहायचे. तिसरा 'संजीवनी'. यात आपल्या गड्याने समोरचा एक गडी मारला, की आपला एक मेलेला गडी उठतो. जो आधी मेला तो आधी उठतो. आज जगभर चालते ती ही संजीवनी कबड्डी. अख्खा संघ बाद झाला तर त्याचे नाव लोण, आणि त्याचे दोन गुण जादा. हे लोण आट्यापाट्यांतही आहे. चळवळीचे लोण खेडोपाडी पोहोचले, असे आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. तो शब्द पांढरपेशा नव्हे, मैदानातला आहे.

रात्री जेवणानंतर मी हे सांगत होतो. धाकटी ऐकत होती, आई वाती वळीत होती. 'गामिनी' शब्दाशी तिचा हात थांबला.

"आमचा हुतूतू संजीवनीचाच होता," ती म्हणाली.

आम्ही सगळेच तिच्याकडे पाहू लागलो. आई आणि हुतूतू? आईच्या तोंडून आम्ही फुगड्या ऐकल्या होत्या, झिम्मा ऐकला होता. हे कधीच नाही.

मग ती बोलू लागली. तिचे माहेर आर्वीकडचे, नदीकाठचे. तिकडची माती काळी. पावसाळ्यात पायाला शेरशेर चिकटते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते, की पाऊल अडकावे. म्हणून पोरी नदीची रेती ओच्यातून आणून देवळामागच्या जागेवर पसरीत, आणि चुलीतल्या राखेने रेषा आखीत. परकराचा काचा मारला, की झाला गणवेश. चढाईला जाताना मातीला हात लावून तो कपाळी न्यायचा, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. शेतात पाऊल टाकताना आजोबा जसा हात लावीत, तसा त्याही लावीत. आईचा दम गावात नावाजलेला होता. हुतूतू म्हणत ती पलीकडच्या रेषेपर्यंत जाऊन येई आणि तरी घरापर्यंत म्हणत राही. मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५ सालापासून सुरू झाल्या होत्या. पण त्यांचे लोण काही त्या नदीकाठी पोहोचले नव्हते.

"आणि मग?" धाकटीने विचारले.

"मग काय? तेराव्या वर्षी एक दिवस डाव चालू होता. मी मेले होते, बाहेर बसले होते. माझ्याआधी कुणीच मेलं नव्हतं. म्हणजे पहिल्यांदा उठायची ती मीच. आमची गडीण चढाईला गेली होती. तेवढ्यात आजी आली. चार बायकांनी तिला काहीबाही सांगितलं होतं. पोरगी मोठी झाली, अजून काचा मारून उड्या मारते म्हणून. तिनं माझ्या दंडाला धरलं आणि घरी नेलं. दुसऱ्या दिवसापासून लुगडं."

वाती वळणे पुन्हा सुरू झाले.

"चढाईला गेली होती तिनं गडी मारला की नाही, तेसुद्धा मला कळलं नाही," आई म्हणाली.

साठ वर्षे! मला एकदम दिसले, की हा एवढा संसार, आम्हा तिघा भावंडांची शिक्षणे, बाबांचे दुखणे, हे सारे तिने त्या बसलेल्या जागेवरूनच केले. ती उठायची राहून गेली होती.

धाकटी काही वेळ गप्प होती. मग तिने मोबाइलवर एक सामना लावून आजीपुढे धरला. २०१८ सालची जकार्ताची आशियाई स्पर्धा, मुलींचा अंतिम सामना. इराणच्या मुली डोके झाकलेल्या, मनगट-घोट्यांपर्यंत कपड्यांत, आणि तरी विजेसारख्या. त्यांनी आपल्या मुलींना २७-२४ असे हरवले. आणि त्यांना शिकवणारी बाई कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन!

मला वाटले, आता आई म्हणणार, पाहा, अंगभर कपड्यांतही सोने मिळते. तसे झाले असते तर धाकटी स्वतःच्याच हाताने बाद झाली असती. पण आई सामना शेवटपर्यंत पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मला तुझ्या मांड्यांचं काही नाही गं. पण तुझं पाहून कुणी बोलतील, मग तुझा बाप घाबरेल आणि तुला मधूनच उठवून नेईल, याची मला भीती वाटते. म्हणून म्हटलं, त्यांना बोलायला जागाच कशाला द्या?"

माझी मान खाली गेली. कारण शेजारच्या एका गृहस्थांनी मला तसे काही सुचवले होते, आणि मी "बघू" म्हणालो होतो. ते "बघू" मी घरात कोणाला सांगितले नव्हते.

सामना दिवाळीनंतर होता. आई इरकली नेसून, पायात चपला घालून तासभर आधी तयार. मैदानाच्या कडेला तिला खुर्ची दिली. धाकटी आत शिरताना वाकली, मातीला हात लावून कपाळी नेला, आणि आईने माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या डावात धाकटीची पकड झाली. चौघींनी मिळून तिला मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर दाबून धरले. ती उठून बाहेर जाऊन बसली. तिच्याआधी दोघी बसल्या होत्या. म्हणजे तीन गडी मारले जातील तेव्हा हिची पाळी. आई बोटांवर मोजू लागली. एक उठली. बऱ्याच वेळाने दुसरी उठली. मग त्यांची एक किडकिडीत मुलगी चढाईला गेली, निदान रेषा ओलांडून आत घुसली, कोपऱ्यातलीच्या पायाला पाय लावला आणि पालथी पडत, हात लांबवून मध्यरेषेला टेकली.

"ऊठ!" आई खुर्चीतून उभी राहून ओरडली. "ऊठ गं, ऊठ! तू उठलीस!"

सारे मैदान वळून पाहू लागले. पंचसुद्धा. मी आईचा हात धरला तो खाली बसवण्यासाठी नव्हे. तिला धाप लागली होती म्हणून. शेजारचे ते गृहस्थही आले होते. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

सामना दोन गुणांनी हरलो. धाकटी घरी येईपर्यंत रडली. पकडीच्या झटापटीत तिच्या बनियनच्या पाठीवरचा आकडा उसवून लोंबत होता. रात्री आई चष्मा लावून सुईदोरा घेऊन बसली. "किती बोटांचा हवा म्हणालास?" तिने मला विचारले. मी सांगितले, बोटे नव्हेत, पाठीवर ६ इंच. तिने टेपने मापून, सरळ ओळंबा साधून, बारीक टाक्यांनी तो शिवला. ओढून पाहिला. पक्का होता.

मग दोरा दाताने तोडीत तिने विचारले, "पुढचा हुतूतू कधी आहे?"

धाकटीने या वेळी शब्द दुरुस्त केला नाही.