दोन परागंदा

चित्रपटाचें संगीत ही भाडोत्री वस्तु आहे, असें आमचें कित्येक वर्षांचें ठाम मत होतें, आणि तें आम्हीं कधीं लपवून ठेविलें नाहीं. कवि आपल्या मनांत येईल तें लिहितो, गवई आपल्या लहरीप्रमाणें राग निवडतो; परंतु चित्रपटाचा संगीतकार पडद्यावर घोडा धांवूं लागला कीं स्वतः धांवूं लागतो, आणि घोडा थांबला कीं थांबतो. दुसऱ्याच्या अंगाचें माप घेऊन बेतलेला अंगरखा कितीही भरजरी असला तरी त्याला शिंप्याचें आत्मवृत्त कोणी म्हणत नाहीं, असा आमचा युक्तिवाद असे. इंग्रजी वाङ्मयाच्या तासाला तो ऐकविला म्हणजे विद्यार्थी हंसत. आणि विद्यार्थी हंसले कीं आपलें मत खरें ठरलें, असें मानण्याची खोड आमच्या व्यवसायाला आहेच.

हेंच मत आम्हीं एकदां घरींही ऐकविलें, आणि तेथें कोणी हंसलें नाहीं. आमच्या चिरंजीवांनीं एम्. ए. चा अभ्यास अर्ध्यावर सोडून, चित्रपटांचें व मालिकांचें पार्श्वसंगीत रचणाऱ्या मुंबईच्या एका गृहस्थांकडे उमेदवारी धरली, त्या दिवसाची ही गोष्ट. "पात्रानें दार उघडलें कीं ढुम् करावयाचें, ही काय विद्या झाली?" असें आम्ही जेवतां जेवतां बोलून गेलों. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. पानावरून उठून त्यांनीं हात धुतले, आणि पुढच्या चार वर्षांत आमच्यासमोर आपल्या कामाचा उल्लेख म्हणून केला नाहीं. घरीं येत, आईशीं तासन्‌तास गप्पा मारीत. आमच्याशीं पाऊसपाण्याचें बोलत. गेल्या दिवाळींत मात्र परत निघतांना त्यांनीं आमच्या टेबलावर एक तबकडी ठेविली आणि म्हटलें, "बाबा, हें माझें नाहीं. एकदां ऐका. चित्र पाहूं नका, नुसतें ऐका."

तबकडी होती 'दि ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या १९३८ च्या अमेरिकन रंगीत बोलपटाच्या संगीताची. यूटा सिंफनी या वाद्यवृंदानें वारुजान कोजियान यांच्या नेतृत्वाखालीं १९८३ सालीं तें नव्यानें वाजविलेलें. संगीतकाराचें नांव एरिख वोल्फगांग कोर्नगोल्ड. रॉबिन हूड हा आमच्या जुन्या ओळखीचा. शाळेच्या इंग्रजी वाचनपुस्तकांत तो प्रथम भेटला. पुढें स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'त लॉक्सले हें नांव घेऊन आला. आणि जुन्या इंग्रजी पोवाड्यांत तर आम्हीं त्याला वर्षानुवर्षें परीक्षेस बसविलें आहे. तेव्हां एका रविवारीं सकाळीं परीक्षकाच्याच थाटानें, हातांत पेन्सिल घेऊन, आम्ही ऐकावयास बसलों.

पहिला भाग श्रेयनामावलीचा. आमची अपेक्षा अशी कीं, तुताऱ्यांचा व नगाऱ्यांचा मोठा गदारोळ होईल आणि नायक आला असें आम्हांस बजावण्यांत येईल. प्रत्यक्षांत ऐकूं आली ती एक खट्याळ, टुणटुणीत मार्चची चाल. पलटणीची नव्हे, शाळा बुडवून निघालेल्या पोरांची. तिच्यांत धाक नाहीं, शिस्तही बेताचीच, पण पाय आपोआप ठेका धरतात. आम्हीं कागदावर "उथळ, पण ताजें" असा शेरा लिहिला.

दुसऱ्या भागांत नॉर्मन सरदार सर गाय याचें आगमन होतें आणि उजेड मावळतो. पितळी वाद्यें खालच्या सुरांत एकत्र येतात. उद्दाम माणसाच्या जोड्यांचा आवाज जसा आधीं अंगणांत ऐकूं येतो, तसें तें वाटतें. त्यानंतर नॉटिंगहॅमच्या किल्ल्यांतली मेजवानी, आणि तींतून रॉबिनचें निसटणें. येथें मात्र आमची पेन्सिल थांबली. या पळापळींत गोंगाट असावा तसा नाहींच. प्रत्येक वाद्य आपआपल्या वाटेनें धांवत असतें आणि तरीही कोणी कोणाच्या अंगावर आदळत नाहीं. मंडईच्या गर्दींतून सराईत माणूस सायकल काढतो, तें कौशल्य आम्हांस आठवलें.

पुढें ओंडक्याच्या पुलावर रॉबिन व लिटल जॉन यांची काठ्यांची झुंज. हा सगळा भाग विनोद आहे, आणि सुरांचा विनोद ही किती अवघड गोष्ट आहे हें ज्यांनीं शब्दांचा विनोद करून पाहिला असेल त्यांना सांगावयास नको. दोन धटिंगण एकमेकांना बडवीत असतांना त्यांची मैत्री जमत चालली आहे, हें येथें वाद्यांना आधीं कळतें; त्या दोघांना मागाहून.

मग आली रानांतली मेजवानी. नॉर्मनांचा खजिना लुटून रॉबिनची टोळी शेरवुडच्या झाडांखालीं जेवावयास बसते, असा प्रसंग. पहिल्या भागांतली ती पोरकट मार्चची चाल आम्हीं ओळखली, परंतु तिची कवाईत आतां सुटली होती. ती तीन मात्रांच्या झोक्यावर बसून झुलूं लागली होती. बाराव्या शतकांतल्या इंग्लंडच्या अरण्यांत चक्क व्हिएन्नाचा वाल्ट्झ! आमच्यांतला परीक्षक आनंदला. असा कालविपर्यास सांपडला कीं आम्हांस फार बरें वाटतें. तांबडी रेघ ओढावी म्हणून आम्हीं तबकडी थांबविली आणि सोबतची पुस्तिका उघडली. त्या पुस्तिकेनें, आणि नंतर आठवडाभर केलेल्या वाचनानें, ती रेघ आमच्याच शेऱ्यावर ओढली.

कोर्नगोल्ड १८९७ सालीं ब्रनो येथें जन्मला आणि व्हिएन्नांत वाढला. पोरवयांतच माहलरनें त्याला अलौकिक बुद्धीचा ठरविलें. तेराव्या वर्षीं त्याची नृत्यनाटिका तेथील दरबारी ऑपेरागृहांत झाली, आणि तेविसाव्या वर्षीं 'डी टोटे श्टाट' या ऑपेरानें तो युरोपभर गाजला. १९३४ सालीं नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यानें त्याला प्रथम हॉलिवूडला नेलें. पुढचीं कांहीं वर्षें तो दोन्हीकडे राहिला. काम अमेरिकेंत, घर व्हिएन्नांत. १९३८ च्या आरंभीं रॉबिन हूडसाठीं त्याला पुन्हां बोलावणें आलें. चित्र पाहून त्यानें चक्क नकार दिला. हें सारें धांवपळीचें चित्र, आणि आपण पडलों अंतःकरणाच्या व्यवहारांत रमणारे. आपल्याच्यानें हें होणें नाहीं, असें त्याचें म्हणणें. म्हणजे आमचा युक्तिवाद आमच्या कितीतरी आधीं खुद्द आरोपीनेंच मांडला होता!

पण १२ फेब्रुवारी १९३८ रोजीं हिटलरनें ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर शुशनिग यास बेर्ख्टेसगाडेनला बोलावून घेऊन दमदाटी केली. कोर्नगोल्ड ज्यू होता. वारें कोणत्या दिशेनें वाहतें आहे हें त्यानें ओळखलें, आणि आठवड्याच्या बोलीवर, केव्हांही सोडून देण्याची मुभा ठेवून, काम पत्करलें. १२ मार्च रोजीं जर्मन फौजा ऑस्ट्रियांत शिरल्या. त्याच्या नव्या ऑपेराचा व्हिएन्नांतला प्रयोग बारगळला. घर जप्त झालें. आईबाप व थोरला मुलगा कसेबसे निसटून अमेरिकेस पोहोंचले. रॉबिन हूडनें आपला जीव वांचविला, असें तो पुढें सांगत असे.

आणि त्या वाल्ट्झचें मूळ? ज्या चालीला आम्हीं उथळ म्हटलें, ती त्यानें पूर्वीं व्हिएन्नांतच, लिओ फाल याचा अपुरा राहिलेला एक ऑपेरेटा १९२९ सालीं पुरा करतांना वापरली होती. रॉबिनची जी भारदस्त चाल, ती त्याच्या १९१९ च्या 'सुर्सुम कोर्दा' या वाद्यरचनेंतली. त्या लॅटिन नांवाचा अर्थ 'अंतःकरणें उंच करा'. आणि ती रचना व्हिएन्नांत साफ पडली होती. घर सोडून निघालेला माणूस जें हातीं लागेल तें गांठोड्यांत बांधतो. या माणसाच्या गांठोड्यांत चाली होत्या, आणि पडद्यावर रान दिसतांच त्यानें तें तेथें सोडलें.

आम्हीं मेजवानीचा भाग पुन्हां लावला. याच प्रसंगांत रॉबिन मॅरियनला झाडांच्या आडोशाला नेतो आणि नॉर्मनांनीं घरें जाळून हुसकून दिलेलीं माणसें तिला दाखवितो. हे सुर योजतांना कोर्नगोल्डला आपलें घर आठवत होतें, असें आम्ही म्हणणार नाहीं. कलावंताच्या मनांत शिरून साक्ष काढण्याची समीक्षकांची रीत आम्हांस मान्य नाहीं. एवढेंच सांगतों कीं, या संगीतांत रडें कोठेंही नाहीं. परागंदा लोक जेवत आहेत, हंसत आहेत, आणि तीन मात्रांवर झुलत आहेत. दुसऱ्याच्या मापाच्या अंगरख्यांत शिंपी दिसत नाहीं म्हणतात. आम्हांस तो त्या दिवशीं दिसला.

उरलेले भाग आम्हीं पेन्सिल खालीं ठेवून ऐकले. तिरंदाजीच्या सामन्यांत तुताऱ्यांचा डामडौल आहे, पण त्याच्या पोटांत सांपळ्याची कुणकुणही आहे. फांसाच्या खांबावरून सुटका होते, तेव्हां वाद्यवृंद पिंजऱ्याचें दार उघडल्यासारखा उसळतो. मॅरियनच्या सज्जावरील प्रणयप्रसंग ज्यांनीं ऐकला नसेल त्यांनीं या एकाच भागासाठीं तबकडी मिळवावी. धांवपळीच्या चित्रांत आपलें काम नाहीं म्हणणाऱ्या माणसाला अखेर आपली जागा सांपडली आहे. व्हायोलिनें चढत जातात, आतां बोलून टाकतील असें वाटतें, आणि प्रत्येक वेळीं अर्ध्या वाक्यावर लाजून मागें फिरतात. राज्याभिषेकाच्या मिरवणुकीचें संगीत संथ, जड व सोन्यानें मढविलेलें. आणि हा सगळा थाट खऱ्या राजासाठीं नसून गादी बळकावणाऱ्या जॉनसाठीं आहे, हें लक्षांत आलें म्हणजे त्या वैभवाचीच भीति वाटूं लागते. शेवटचें द्वंद्व तलवारींचें खरें, पण तलवारी न दिसतांही ऐकणाराचा श्वास त्यांत अडकतो. मग विजय, आणि ती टुणटुणीत चाल घरीं परत येते. तिच्या कर्त्याला तें साधलें नाहीं. चित्रपट मे १९३८ मध्यें लोकांपुढें आला, तेव्हां ऑस्ट्रिया हें स्वतंत्र राष्ट्र नकाशावर उरलें नव्हतें. या संगीताबद्दल त्याला ॲकॅडमीचें पारितोषिक मिळालें; आणि १९४९ सालीं तो व्हिएन्नास परत गेला, तेव्हां तें शहर त्याला विसरून गेलें होतें.

या चरित्रांतील एक व्यक्ति मात्र आम्हांस अजून सोडीत नाहीं. ती म्हणजे त्याचा बाप, युलियुस कोर्नगोल्ड. हा व्हिएन्नांतला मोठा दरारा असलेला संगीतसमीक्षक. मुलाच्या चित्रपटांच्या पैशानें ज्या घराला आसरा मिळाला, त्या घरांत बसून तो मुलाला सांगत राहिला कीं, हें हलकें काम सोड आणि खऱ्या संगीताकडे परत ये. बापाचें म्हणणें अगदींच चुकीचें होतें असेंही नाहीं. मुलानें पुढें व्हायोलिनसाठीं कन्चेर्टो लिहिलाच. पण त्या कन्चेर्टोच्या चाली त्यानें आपल्या चित्रपटांच्या संगीतांतूनच उचलल्या. हलकें काम आणि खरें संगीत यांच्यामध्यें बापानें बांधलेली भिंत मुलानें न भांडतां, अशी ओलांडली. युलियुस निदान ऐकून मत देत असे. आम्हीं तर चार वर्षांत आमच्या मुलाचा एक सूरही ऐकला नव्हता.

त्या रात्रीं आम्हीं चिरंजीवांना टेलिफोन केला. तबकडी ऐकली म्हणून सांगितलें, वाल्ट्झबद्दल बोललों. ते ऐकून घेत होते. शेवटीं आम्ही म्हणालों, "तुझें कांहीं असेल तर पाठव."

थोडा वेळ तिकडून आवाज आला नाहीं. मग ते म्हणाले, "दार उघडण्याचें एक आहे. चालेल?"

चार वर्षें तें वाक्य त्यांच्याजवळ होतें. आम्ही म्हणालों, "तेंच पाठव."

दुसऱ्या दिवशीं तें आलें. अठ्ठेचाळीस सेकंदांचा एक तुकडा. सारंगीचा एकच सूर, त्याच्याखालीं कांहीं तरी फार हळू चाललेलें. आणि दार उघडतें त्या क्षणीं सगळें थांबतें. ढुम् नाहीं, कांहींच नाहीं. नुसती कडी सरकल्याचा आवाज. आमच्या सौभाग्यवती शेजारीं बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "हें मी मागेंच ऐकलें आहे." आम्हीं तें पुन्हां लावलें.