जांभळी वायर

आमचा कॉम्प्युटर बंद पडला तो शनिवार होता, आणि सोमवारी सकाळी एका बाईंचा प्रबंध छापून द्यायचा होता.

२००६ सालचा मे महिना. आम्ही तेव्हा साताऱ्यात राहायचो. आई घरीच मराठी टायपिंगची कामं घ्यायची. लग्नपत्रिका, अहवाल, अर्ज, कधी एखादा प्रबंध. हा प्रबंध दोनशे बारा पानांचा होता. दोन महिने रात्री जागून तिनं तो टाइप केला होता, आणि माझ्या नववीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातूनच यायचे होते.

संध्याकाळी आईनं बटण दाबलं. काही नाही! पंख्याची घरघर नाही, दिवा नाही, नेहमीचा ‘पीं’ नाही.

“माझ्याच हातून काहीतरी झालं असणार,” आई म्हणाली.

मी गप्प बसले. कारण दुपारची गोष्ट फक्त मलाच ठाऊक होती. त्या वर्षी लोडशेडिंग फार होतं. आमच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच संपली होती, म्हणून आईचा नियम होता की लाइट गेली की कॉम्प्युटरचा भिंतीवरचा स्विच बंद करायचा आणि लाइट आल्यावर दहा मिनिटं थांबून मगच लावायचा. दुपारी मी गेम खेळत होते. लाइट गेली तशी मी चपला घालून मैत्रिणीकडे पळाले. स्विच चालूच!

बाबांनी दुकानात फोन केला. तिकडून उत्तर आलं, “मदरबोर्ड उडाला असेल, हार्ड डिस्कपण गेली असेल. सोमवारी आणून टाका, चार दिवसांनी सांगतो.” मशीन न बघताच! आई नुसती बसून राहिली. रात्री ती जेवली नाही.

रविवारी सकाळी बाबा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रेडिओवाल्या आजोबांना घेऊन आले. आजोबांनी सगळा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात घालवला होता. म्हणाले, “तुमच्या कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण वीज कळते. कुठपर्यंत येते आणि कुठं थांबते, एवढंच शोधायचं. नावं तू सांग, पोरी.”

झालं! मी शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला जे शिकले होते ते सांगू लागले.

आधी भिंत. मॉनिटरचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे बोर्डात वीज होती. मग आजोबांनी मॉनिटरची वायर काढून कॅबिनेटला लावली आणि कॅबिनेटची मॉनिटरला. दोन्ही वायरी सारख्याच असतात, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मॉनिटर पुन्हा लुकलुकला, कॅबिनेट ढिम्म. “वायर चांगली आहे. वीज दारापर्यंत आलीय. आता घरात कोण घेत नाही ते बघू.”

वायर काढून कॅबिनेटची बाजू उघडली. मागच्या कोपऱ्यात पत्र्याचा डबा होता. “हा एसएमपीएस,” मी सांगितलं. डब्यावर लेबल होतं. आजोबांनी भिंग लावून ते वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. कुठल्या रंगाच्या वायरवर किती व्होल्ट, ते सगळं छापलेलं! पिवळ्यावर बारा, तांबड्यावर पाच, नारिंगीवर तीन पूर्णांक तीन. काळी म्हणजे अर्थ. आणि एक जांभळी, तिच्यावर पाच.

“पाच तर तांबड्यावर आहेतच, मग ही जांभळी कशाला?” आजोबांनी विचारलं. मला आठवलं. कॉम्प्युटर बंद असला तरी एवढी एक वायर जागी असते. समोरचं बटण दाबल्याचं मदरबोर्डला कळावं म्हणून. जणू घर झोपलं तरी दारातला राखणदार जागा! मग मदरबोर्ड हिरव्या वायरीतून निरोप देतो आणि बाकीच्या वायरी कामाला लागतात.

आजोबांनी मदरबोर्डवरचा मोठा प्लग ओढून काढला. मला दोन्ही हात पाठीमागे बांधायला लावले, वीज सुरू केली आणि मीटरच्या कांड्या जांभळ्या आणि काळ्या वायरीवर टेकवल्या. काटा सव्वा व्होल्टपाशी येऊन थांबला.

“पाच हवेत, आहे सव्वा. बोर्ड तर आपण सोडवलाय, म्हणजे तो वीज पिऊन टाकत नाहीये. तुमचा राखणदारच बेशुद्ध आहे!”

“आणि प्रबंध?” आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

“तो हार्ड डिस्कवर असतो,” मी म्हटलं. “वीज गेली म्हणून लिहिलेलं पुसत नाही.” म्हटलं खरं, पण माझीच छाती धडधडत होती. झटका पुढं डिस्कपर्यंत पोचला असेल तर?

कोपऱ्यावर कॉम्प्युटरचे क्लास घेणाऱ्या दादानं जुन्या मशीनमधला एसएमपीएस उसना दिला. तो जोडला. आजोबा म्हणाले, “दाब.” मी आईकडे बघितलं. आईनं डोळे मिटले होते. मी बटण दाबलं.

पीं!

दोनशे बारा पानं जिथल्या तिथं होती. रात्री अकरापर्यंत प्रिंटर कुरकुरत राहिला. सोमवारी बाबांनी साडेपाचशे रुपयांचा नवा एसएमपीएस आणला.

जुना डबा आजोबांनी लगेच उघडला नाही. मी हट्ट केला तेव्हा रागावले. आपल्या भिंतीतली २३० व्होल्टची वीज त्या डब्यात सव्वातीनशेच्या आसपास चढते आणि कपॅसिटरमध्ये साठून राहते. वायर काढली तरीसुद्धा! “तू हा डबा कधी उघडायचा नाही. मोठी झालीस, शिकलीस, की मग.” (तुम्हीही उघडू नका, बरं का. मल्टिमीटर लावायचा असेल तेव्हाही जाणता माणूस शेजारी हवाच.) दुसऱ्या दिवशी, साठलेलं सगळं उतरलंय हे मीटरनं तपासून मगच त्यांनी मला बोलावलं.

आजोबांना सगळ्यात नवल वाटलं ते आतल्या ट्रान्सफॉर्मरचं. त्यांच्या रेडिओतले ट्रान्सफॉर्मर हातात घेतले तर मनगट दुखायचं, आणि हा आगपेटीएवढा! आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं घेते. एसएमपीएस तिला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, म्हणून एवढासा ट्रान्सफॉर्मर पुरतो. मोबाइलचा चार्जर हा त्याचाच धाकटा भाऊ.

मग त्यांनी बोटानं दाखवलं. दोन कपॅसिटरची डोकी पुरीसारखी फुगली होती आणि एकातून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलं होतं. “हे एका दिवसाचं दुखणं नव्हे. महिनोन्‌महिने फुगत आलेत. शनिवारच्या झटक्यानं शेवटचा धक्का दिला असेल, नसेलही. सांगता येत नाही.”

म्हणजे मी सुटले होते की! गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण आई अजूनही बटण दाबताना बिचकत होती, हळूच दाबत होती, जणू तिच्याच बोटाचा दोष होता. ते बघवेना. संध्याकाळी भांडी पुसताना मी सगळं सांगून टाकलं.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “शनिवारी रात्री की-बोर्डखाली चिंचोका सापडला मला. तू कधी सांगतेस ते बघत होते.”

“मग बिचकत का होतीस?”

“अगं, पुन्हा बंद पडला तर, म्हणून!”

मेल्या डब्यातली एकच गोष्ट चांगली निघाली, ती म्हणजे पंखा. बारा व्होल्टचा. आजोबांनी तो सोडवून स्कूटरच्या जुन्या बॅटरीला जोडला. लोडशेडिंगच्या वेळी तो त्यांच्या टेबलावर घरघरायचा, आणि त्या तळहाताएवढ्या वाऱ्यापुढं बसायला आम्हा गल्लीतल्या पोरांच्या पाळ्या लागायच्या.