हिंदुकुशातील पांथस्थ

आपल्या घरांत असा दिवस क्वचितच उगवतो की ज्या दिवशी फोडणीत हिंग पडत नाही. दिवाळीच्या फराळात मनुका असतात, आजाऱ्यास जर्दाळू व अंजीर देतात. हे जिन्नस ज्या डोंगराळ मुलखांतून पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे येत आले, त्यांतील प्रमुख मुलूख अफगाणिस्तान. असे असूनही या देशाविषयी घरातील मुलांस विचारले, तर बाँब, बंदुका आणि दाढीवाले शिपाई यांपलीकडे त्यांस काही सांगता येत नाही. दोष मुलांचा नव्हे. १९७९ च्या डिसेंबरात रशियन फौजा त्या देशात शिरल्या, तेव्हापासून त्याचे नाव आपल्या कानी पडते ते केवळ लढाईच्या वार्तेबरोबर. आपले पूर्वज अटकेपर्यंत जाऊन आले याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. परंतु अटकेपलीकडे माणसे राहतात कशी, खातात काय आणि पाहुण्यास कोठे बसवितात, याची चौकशी करण्याचे आपल्या मनात सहसा येत नाही.

वस्तुतः संस्कृत शिकलेल्या माणसास हा प्रांत परका वाटण्याचे कारण नाही. ऋग्वेदाच्या नदीसूक्तात जी कुभा आहे, तीच आजची काबूल नदी; तेथील क्रुमू म्हणजे कुर्रम आणि गोमती म्हणजे गोमल. भगवान पाणिनींचे शलातुर हे गाव अटकेपासून फार दूर नव्हते. कापिशी या नगरीच्या नावास विशिष्ट प्रत्यय लावून ‘कापिशायन’ हा शब्द सिद्ध करण्यासाठी पाणिनींनी एक स्वतंत्र सूत्र रचले आहे, आणि त्याची उदाहरणे देताना काशिकाकार तेथील मद्याचा व द्राक्षांचा उल्लेख करतात. ही कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील बेग्राम होय. रशियनांनी व पुढे अमेरिकनांनी आपला मोठा विमानतळ बांधला व वापरला तो याच बेग्रामच्या परिसरात. ज्या भूमीची द्राक्षे व्याकरणकारांच्या जिभेवर होती, तेथून विमाने उडत राहिली ती बाँब घेऊन!

अशा मुलखाचे ज्ञान आपणांस होते कोणाकडून? सरकारी अहवाल राज्यकर्त्यांसाठी असतो. वार्ताहर सैन्याच्या पाठोपाठ जातो आणि सैन्य हलले की तोही हलतो. उरतो तो एकटा पांथस्थ. त्याच्यामागे फौज नसते, खिशात फारसे द्रव्य नसते, आणि रात्री कोणी दार उघडले तरच त्यास निवारा मिळतो. त्याच्या लेखनास आम्ही जे मोल देतो ते या परावलंबनामुळे. ज्यास यजमानाच्या भाकरीवर राहावयाचे आहे, त्यास यजमानाकडे नीट पाहावेच लागते.

या पांथस्थांत अग्रपूजेचा मान ह्युएनत्संगाचा. इ. स. ६२९ च्या सुमारास तो चीनमधून निघाला तो राजाज्ञा मोडून. कारण पश्चिमेकडे जाण्यास त्या वेळी बंदी होती. सरहद्दीच्या बुरुजावरील पहारेकऱ्यांनी त्याजवर बाण सोडले. वाळवंटात पाण्याची पखाल सांडून गेली आणि चार-पाच दिवस त्यास पाण्यावाचून काढावे लागले. तेथून निभावून तो बामियानच्या खोऱ्यात पोहोचला. तेथील लोकांचे आचार त्यास ओबडधोबड वाटले, पण त्यांची श्रद्धा शेजाऱ्यांहून खरी वाटली. आणि ही दोन्ही मते त्याने शेजारीशेजारी लिहून ठेवली. कड्यात कोरलेल्या दोन उभ्या बुद्धमूर्तींची उंचीही त्याने अंदाजून नोंदविली. धाकटी मूर्ती धातूची आहे असे तो लिहितो. वास्तविक तीही खडकातच कोरलेली होती. तिच्या झळाळीने त्यास चकविले असावे. तथापि या एका चुकीने त्याच्या साक्षीचे मोल कमी होत नाही. सुमारे ५५ व ३८ मीटर उंचीच्या त्या मूर्ती २००१ च्या मार्चमध्ये तालिबानने सुरुंग लावून उडवून दिल्या. आज कड्यात दोन रिकामे कोनाडे आहेत, आणि त्या झळाळत्या रूपाची हकीकत सांगणारा हा जुना साक्षीदार तेवढा उरला आहे. हाच ह्युएनत्संग पुढे आपल्या महाराष्ट्रातही आला, पुलकेशीच्या राज्यातील लोक मानी, उपकार स्मरणारे व वैर न विसरणारे आहेत, असे त्याने लिहिले. त्याचे हे वाक्य आपण शाळेत कौतुकाने शिकवितो. त्याच लेखणीने केलेले बामियानकरांचे वर्णनही तितक्याच आदराने वाचावयास हवे.

परंतु एकटा प्रवासी नेहमी निरुपद्रवीच असतो असे मात्र कोणी समजू नये. अलेक्झांडर बर्न्स हा कंपनी सरकारचा तरुण अधिकारी १८३२ मध्ये काबूल व बामियानवरून बुखाऱ्यास गेला. १८३४ मध्ये निघालेले त्याचे पुस्तक विलायतेत अतिशय गाजले. ज्या वाटा त्याने पाहुणा म्हणून पाहिल्या होत्या, त्याच मुलखात तो १८३९ मध्ये इंग्रजी सैन्याबरोबर परतला. आणि १८४१ च्या २ नोव्हेंबर रोजी काबूलच्या जमावाने त्याच्या राहत्या घरी त्याचा वध केला. पुढे जानेवारीत जी फौज बर्फातून माघारी निघाली, तिच्यात सुमारे साडेचार हजार सैनिक व बारा हजार बाजारबुणगे होते. त्यांतील बहुतेक हिंदी माणसे! त्या खिंडींतून सुखरूप बाहेर पडले ते थोडे. चार्ल्स मॅसनची कथा याहून विचित्र. हा कंपनीच्या तोफखान्यातून १८२७ मध्ये पळालेला शिपाई खोटे नाव धारण करून पायी हिंडत काबूलास गेला आणि आमच्या कापिशीच्या, म्हणजे बेग्रामच्या, मातीतून त्याने हजारो प्राचीन नाणी गोळा केली. खरोष्ठी लिपी वाचण्यास त्या नाण्यांचे मोठे साहाय्य झाले. परंतु १८३५ मध्ये त्याचा अपराध माफ झाला तो काबूलच्या बातम्या सरकारास कळवाव्या या बोलीवर. ज्ञानासाठी हिंडणारा मनुष्य असा बातमीदार बनला. म्हणून असे पुस्तक हाती घेताना, हा लेखक कोणासाठी पाहतो आहे, हा प्रश्न वाचकाने मनाशी अवश्य विचारावा.

याच्या उलट उदाहरण एका मास्तराचे आहे, आणि शिक्षकी पेशामुळे आम्हांस ते विशेष प्रिय आहे. सय्यद मुजतबा अली हे शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या हाताखाली शिकलेले बंगाली गृहस्थ १९२७ मध्ये काबूलास अध्यापक म्हणून गेले. अमीर अमानुल्ला यांच्या सुधारणांचा तो काळ. १९२८ च्या अखेरीस बंड झाले. १९२९ च्या जानेवारीत बच्चा-इ-सक्काने काबूल घेतले, शाळा बंद पडल्या आणि परदेशी लोकांस विमानांतून हलवावे लागले. अमानुल्ला देशत्याग करून मुंबईस आले. तेथेच त्यांस कन्या झाली आणि तिचे नाव ‘इंडिया’ ठेवण्यात आले. एवढी मोठी राज्यक्रांती डोळ्यांदेखत घडली असता, पुढे पुस्तकरूपाने आलेल्या मुजतबा अलींच्या ‘देशे बिदेशे’मध्ये वाचकाच्या मनात ठसतो तो अमीर नव्हे, तर त्यांचा पंजशीरचा धिप्पाड नोकर अब्दुर रहमान. एका माणसासाठी तो रांधी ते पंक्तीस पुरावे, आणि आपल्या पंजशीरच्या बर्फाची थोरवी सांगताना तो थकत नसे. पुढे पन्नास वर्षांनी रशियनांविरुद्धच्या लढायांमुळे पंजशीरचे नाव जगभर झाले. पण ज्यांनी हे पुस्तक वाचले होते, त्यांस पंजशीर म्हटले की प्रथम अब्दुर रहमानच आठवला असेल.

आमच्या भगिनीवर्गास डर्व्हला मर्फीची हकीकत आवडेल. दहाव्या वाढदिवसास सायकल व नकाशांचे पुस्तक मिळाले, तेव्हाच या आयरिश मुलीने हिंदुस्थानास सायकलीवर जाण्याचा निश्चय केला. परंतु आई संधिवाताने अंथरुणास खिळलेली. म्हणून चौदाव्या वर्षी शाळा सोडून तिने आईची शुश्रूषा पत्करली. १९६२ मध्ये आई निवर्तल्यावर, म्हणजे निश्चयानंतर तब्बल एकवीस वर्षांनी, १९६३ च्या जानेवारीत ती एकटी निघाली. अफगाणिस्तानात एका बसमधील भांडणात बंदुकीचा दस्ता लागून तिच्या तीन बरगड्या मोडल्या. तरीही त्या देशाविषयी तिने लिहिले ते अतीव ममतेने. जुलैत ती दिल्लीस पोहोचली, आणि पुढे तिबेटी निर्वासित मुलांच्या सेवेत राहिली. स्त्री-प्रवाशांच्या लेखनाचे आणखी एक महत्त्व आहे. त्या देशात परपुरुषास घराचा बाहेरचा भागच दिसतो; माजघरापर्यंत पोहोचते ती स्त्रीच. आपल्या मराठीतही प्रतिभा रानडे यांची ‘अफगाण डायरी’ व फिरोझ रानडे यांचे ‘काबूलनामा’ ही, काबूलमध्ये प्रत्यक्ष संसार केलेल्या दांपत्याची पुस्तके आहेत. ती घरी अवश्य असावीत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यापासून तेथील मुलींस सहावीपुढील शाळा बंद झाली. ज्या घरांतील मुलींस स्वतःचे लिहिण्याची वाटच उरली नाही, त्या घरांविषयी लिहिलेला प्रत्येक प्रामाणिक शब्द जपून ठेवावयास हवा.

अलीकडील पांथस्थांत रोरी स्ट्यूअर्टचे नाव घ्यावे लागेल. २००२ च्या जानेवारीत, तालिबानची पहिली सत्ता कोसळून काही आठवडेच झाले असता, तो हेरातहून काबूलपर्यंत मधल्या पहाडांतून भर बर्फात पायी गेला. वाट तीच, जिने १५०६-०७ च्या हिवाळ्यात बाबर गेला होता. बाबर आपल्या आत्मवृत्तात लिहितो की, सोबतचे लोक बर्फात असता आपण एकट्यानेच गुहेच्या उबेत निजणे त्यास प्रशस्त वाटले नाही. सर्वांस जागा आहे असे कळेपर्यंत तो बाहेरच बसून राहिला. स्ट्यूअर्ट मात्र रोज रात्री कोणा ना कोणा खेडुताच्या घरी राहिला. लढाईने नागवलेल्या त्या घरांतून त्यास बहुधा भाकरी व चहा मिळाला. कोठे नाखुशीने, कोठे आपुलकीने. तो दोन्ही प्रकार लिहितो, म्हणूनच त्यावर विश्वास बसतो.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अलीकडे अशा देशांत हौसेने जाणारे तरुण वाढले आहेत. २०२४ च्या मे महिन्यात बामियानच्या बाजारात प्रवाशांच्या एका तुकडीवर गोळीबार झाला. तीन स्पॅनिश पाहुणे मारले गेले आणि त्यांच्याबरोबर काही अफगाणही. अशा वेळी पाहुण्यांच्या घरी परराष्ट्रखात्यातून निरोप जातो. वाटाड्याच्या घरी कोण जाते? प्रवासी आपला जीव स्वखुशीने धोक्यात घालतो. यजमानास मात्र तशी निवड नसते, कारण अतिथीस दाराशी ठेवणे त्याच्या धर्मात बसत नाही. प्रवासी निघून गेल्यावरही त्याला त्याच गावात, त्याच बंदूकवाल्यांच्या शेजारी राहावयाचे असते. परक्या माणसास का ठेवून घेतलेस, याचा जाब त्याला द्यावा लागतो. म्हणून घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने असा बेत बोलून दाखविला, तर वडीलधाऱ्यांनी लगेच नकारघंटा वाजवू नये. तेथील भाषा किती शिकलास, ज्याच्या घरी उतरणार त्यास तुझ्यामुळे काय भोगावे लागेल, आणि परत येऊन लिहिशील ते कोणाच्या उपयोगी पडेल, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावे. उत्तरे समाधानकारक असतील तर आशीर्वाद द्यावा; नसतील तर मर्फीसारखे काही वर्षे थांबण्यास सांगावे.

आणि ज्यांस जाणे शक्य नाही, अशा आम्हां वृद्धांनी व गृहिणींनी ही पुस्तके मिळवावीत, रात्रीच्या जेवणानंतर चार पाने मोठ्याने वाचावीत, आणि नकाशावर बामियान, हेरात, पंजशीर ही नावे मुलांकडून शोधून घ्यावीत. मग पुढच्या खेपेस बातमीत काबूलचे नाव आले, तर तेथे अब्दुर रहमानसारखी माणसे राहतात, त्यांच्याही घरी चूल पेटते आणि तीत काही शिजते, एवढे तरी मुलांच्या ध्यानी येईल.