बुलेटचा सायलेन्सर आणि आईची झोप



मागच्या रविवारी नातवाबरोबर अंगणात बसून बुलेटचा सायलेन्सर भरला. दोन दिवस हाताला खाज सुटली होती. सूनबाई म्हणाली, "बाबा, या वयात हे उद्योग कशाला?" तिला तेव्हा उत्तर दिलं नाही. इथे लिहितो, कारण इंदूरच्या जुन्या लोकांना ते लवकर कळेल.

ही बुलेट मी 1979 साली सेकंड हँड घेतली. 346 सीसी, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. नवीन शिकणारा हमखास चुकायचा. तेव्हा माझी पोस्टिंग धारला होती आणि घर रामबागेत, वाड्यात वरच्या मजल्यावर. घरात आई एकटी. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. शनिवारी बँक अर्धा दिवस, पण कॅश जुळवून, पुस्तकं बंद करून निघेपर्यंत संध्याकाळ व्हायची. घाटाबिल्लोद, बेटमा करत साठेक किलोमीटर. ट्रक फार, रस्ता अरुंद. घरी पोचायला नऊ-दहा वाजायचे.

मूळ सायलेन्सर गंजून खालून फुटला, तेव्हा छावणीतल्या आमच्या उस्तादांनी दुसरा बसवून दिला. आज देशभरातले बुलेटवाले 'इंदौरी सायलेन्सर' हे नाव घेतात. माझा असा नावाचा नव्हता, गावातच पत्रा वळून केलेला होता. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये आत पडदे असतात, धूर वळणं घेत बाहेर पडतो. यात मधोमध भोकं पाडलेली सरळ नळी, तिला उस्ताद 'जाली' म्हणायचे. नळीभोवती काचेची लोकर म्हणजे ग्लास वूल, आणि वरून पत्र्याचं कवच. आवाज भोकांतून लोकरीत शिरतो आणि तिथे जिरतो. कर्कश आवाज जास्त जिरतो, खालचा खर्ज तेवढा उरतो. नवा असताना असा गोड ठोका यायचा की विचारू नका. मी सत्तावीस-अठ्ठावीसचा. राजवाड्यावरून जाताना उगाच ॲक्सिलरेटर पिळायचो, खोटं कशाला सांगू?

पण ही लोकर कायमची नसते. उष्णतेनं ठिसूळ होते, तेलानं चिकट होते, आणि थोडी थोडी करत धुराबरोबर उडून जाते. आवाज रोज इतका थोडा वाढतो की चालवणाऱ्याला कळतच नाही. दोन वर्षांत माझी बुलेट रामबागेच्या नाक्यावरून ऐकू यायला लागली. मला आपलं वाटायचं, गाडी जोरात आहे!

1981 च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. खालच्या मजल्यावरचे काका हार्ट अटॅकनंतर दवाखान्यातून घरी आले होते. रविवारी सकाळी काकू वर आल्या. रागावल्या नाहीत. पोह्यांची बशी हातात घेतली आणि म्हणाल्या, "बाळ, शनिवारी रात्री तुझी गाडी येते ना, यांची झोप मोडते. मग लागतच नाही पहाटेपर्यंत. घाबरतात रे."

त्या भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लगेच गाडी काढली आणि उस्तादांकडे गेलो. तिथे जे शिकलो ते अजून तसंच करतो.

मागच्या टोपीचे रिव्हेट, मेकॅनिकच्या भाषेत रिपिट, ड्रिलनं उडवायचे. जाळी काजळीनं धरलेली असते. रॉकेल सोडून वाट बघायची आणि पिळत पिळत ओढायची, ठोकायचं नाही. बाहेर आली तेव्हा लोकर जेमतेम मूठभर, काळी. उस्ताद हसले. "बाबूजी, इतने दिन से खाली डिब्बा बजा रहे थे!" तारेच्या ब्रशनं सगळी भोकं मोकळी केली. नवी लोकर नळीवर सारखी गुंडाळायची. सैल राहिली तर उडून जाते, आवळून भरली तर आवाज शोषत नाही. वरून साधा सुती दोरा, तो पहिल्याच फेरीत जळून जातो, पण तोवर लोकर जागेवर धरून ठेवतो. हातात मोजे, नाकाला फडकं. काचेचे तंतू लागलेच तर हात चोळायचे नाहीत, थंड पाण्याखाली धरायचे. टोपीला परत रिपिट न मारता स्क्रू लावायचे, म्हणजे पुढच्या वेळी सोपं जातं.

बसवतानाही घाई करायची नाही. आधी सगळे बोल्ट सैलच ठेवायचे. मग इंजिनाकडून सुरुवात करून बेंड पाइप, जोडाची क्लिप, आणि शेवटी मागचा ब्रॅकेट घट्ट करायचा. ओढूनताणून बसवला तर ब्रॅकेट तडकतो. जोडातून हवा खेचली तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके वाजतात. मोकळ्या सायलेन्सरला पेट्रोलही थोडं जास्त लागतं. माझा प्लग पांढराफटक पडला होता, तो उस्तादांनी कार्बोरेटरचा जेट एक नंबर मोठा घालून बिस्किटाच्या रंगावर आणला. गाडी गरम झाल्यावर बोल्ट पुन्हा एकदा पाहायचे.

पुढच्या शनिवारी निघायला उशीरच झाला. सव्वादहाला गल्लीत शिरलो. इतका मऊ आवाज, मलाच कौतुक. वाड्याच्या अलीकडे इंजिन बंद केलं आणि ढकलत आत नेली. आई झोपली असेल, कशाला उठवा म्हणून माझ्या किल्लीनं दार उघडलं आणि बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून आडवा झालो. काकांची झोप राखली म्हणून समाधानानं लगेच डोळा लागला.

रात्री दोनच्या सुमारास दिव्याच्या उजेडानं जाग आली. आई समोर उभी. अंगावर शाल, पायात चपला, हातात पर्स. ती रस्त्यावर जाऊन कोणाला तरी उठवायला निघाली होती. मला बघून दाराच्या चौकटीला टेकून तशीच खाली बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आवाज आलाच नाही रे."

तेव्हा कळलं, दर शनिवारी ती त्या आवाजासाठी जागी असायची. नाक्यावर ठोका ऐकला की कूस बदलून झोपायची. मी आत येईपर्यंत तिला झोप लागलेली असायची, आणि मी समजायचो की आई लवकर झोपते. खालच्या काकांना ज्या आवाजानं धडकी भरायची, त्याच आवाजानं वरती आईला झोप लागायची. बँकेत एकच रक्कम एकीकडे नावे आणि दुसरीकडे जमा पडते हे रोज लिहीत होतो, घरात ते दिसलं नव्हतं.

सायलेन्सर तसाच ठेवला. त्या दिवसापासून आल्यावर तिच्या खोलीची कडी दोनदा हलकेच वाजवायचो. आतून "हं" असं यायचं. शेवटच्या वर्षी तिला ऐकू कमी यायचं, तेव्हा पायाला हात लावायचो.

आता मीच कानाचं यंत्र लावतो. बुलेट अजून आहे, दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून घेतो. नातू ती चालवायला शिकला आणि म्हणाला, "आबा, लोकर काढूनच टाकू, मस्त थंप येईल." त्याला आधी कायदा सांगितला. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 120 वा नियम सायलेन्सरचाच आहे, आणि असे मोकळे सायलेन्सर पोलीस काढून घेतात, रोडरोलरखाली घालतात. त्याला ते माहीत होतं, पण पटलं नव्हतं. मग त्याला ही गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. रविवारी सकाळी मात्र ड्रिल आणि स्क्रू घेऊन स्वतःच अंगणात बसला होता.

भरून झाल्यावर गाडी सुरू केली. मला आवाज नीट कळेना, म्हणून सायलेन्सरच्या मागे हातभर अंतरावर तळवा धरला. ठोके एकसारखे लागत होते. कंपनीचा सायलेन्सरही मागवला आहे. तो आला की हा माळ्यावर जाईल, तेच योग्य.

काल रात्री पोरगा उशिरा आला. मी यंत्र काढून पडलो होतो. त्यानं पायाला हात लावला आणि आत गेला.

तुमच्या घरी रात्री कोण कोणाच्या आवाजासाठी जागं असायचं? जरूर लिहा.