वर हार, खाली गंज

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेलो, की पार्किंगमध्येच कोणीतरी गाठतं. "काय प्रोफेसर, अजून तीच?" 'तीच' म्हणजे आमची ही नव्हे, हिच्याबद्दल असं विचारायची कोणाची छाती नाही. 'तीच' म्हणजे माझी १९९९ सालची लेक्सस एलएस ४००. आजूबाजूला चकचकीत विजेच्या गाड्या उभ्या असतात, आणि त्यांच्यामध्ये ही, २,८७,००० मैल धावलेली. पृथ्वीपासून चंद्राचं सरासरी अंतर सुमारे २,३९,००० मैल. म्हणजे आमची गाडी चांदोबाला भेटून परतीच्या वाटेला लागली आहे, असं मी नातीला सांगतो. ती म्हणते, "आबा, मग पृथ्वीवर पोचेपर्यंत टिकेल का?"

त्या प्रश्नाचं उत्तर देताना मी काय चूक केली, तेच यंदा लिहायचं ठरवलं आहे.

आधी थोडं गाडीविषयी. ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली १९८९ च्या जानेवारीत, डेट्रॉइटच्या प्रदर्शनात. तिची जाहिरात माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल: चाकं रोलरवर भन्नाट वेगाने फिरताहेत, बॉनेटवर शँपेनच्या ग्लासांचा मनोरा रचलाय, आणि एक थेंबही सांडत नाही. मी तेव्हा ओहायोत धातुशास्त्र शिकवत होतो आणि मुलीच्या शिक्षणासाठी पैसे साठवत होतो. ती जाहिरात पाहून हिला म्हणालो होतो, "एक दिवस." तो दिवस उगवला २००३ मध्ये. नवी असताना पन्नास हजार डॉलरच्या वर किंमत असलेली गाडी मी चार वर्षं जुनी, ५२,००० मैल चाललेली, निम्म्याहून कमी पैशांत घेतली. सांगलीत वडिलांनी एकच सायकल अठ्ठावीस वर्षं चालवली होती. दर रविवारी ती उलटी करून तेल घालायचं काम माझ्याकडे असायचं. त्यांच्या मुलाला नवी कोरी लक्झरी गाडी घेणं जमलंच नसतं.

जुनी महागडी गाडी सांभाळण्याचं एक गणित असतं. गाडीची किंमत उतरते, पण सुट्या भागांची उतरत नाही. माझ्या गाडीची आजची बाजारातली किंमत आणि एका मोठ्या दुरुस्तीचं बिल यांत फारसा फरक राहिलेला नाही. म्हणून हळूहळू मीच पाने हातात घेतले. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट दर ९०,००० मैलांना बदलायचा असतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन कामातून जातं. आजवर तीन बेल्ट झाले. पहिला मेकॅनिककडून, दुसरा त्याच्या देखरेखीखाली, तिसरा मी स्वतः बदलला. बेल्ट काढला की त्याच्याबरोबर पाण्याचा पंप, पुली आणि टेन्शनरही बदलायचे, कारण तिथवर पोचण्याची मेहनतच जास्त. स्टार्टर मोटर तर इंजिनाच्या दोन रांगांच्या मधल्या दरीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेली. ती बदलायला मला तीन शनिवार लागले. नात टॉर्च धरायला होती. दहा वर्षांच्या मुलीला 'दहा नंबरचा पाना' हे शब्द मराठी शाळेत कोणी शिकवले नसते.

आता मूळ गोष्ट.

दोन वर्षांपूर्वीचा दसरा. दर वर्षीप्रमाणे गाडी धुतली, हळद-कुंकू लावलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, अंगणातल्या झेंडूचा हार घातला. हिने ओवाळलं. नातीने चाकाखाली लिंबू ठेवलं. फोटो काढून पुण्याला भावाला पाठवला. "अजून नवरीसारखी दिसते!" असं उत्तर आलं. मला फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी नातीला मराठी शाळेत सोडायला निघालो. आमच्या रस्त्याच्या टोकाला स्टॉपची पाटी आहे. ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. गाडी थांबली खरी; ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्यातला एक शाबूत होता. पण थांबली ती पाटीच्या पुढे, चौकाच्या मध्यावर. आडव्या रस्त्याने त्या क्षणी कोणी आलं नाही, एवढंच. मागच्या सीटवरून आवाज आला, "आबा, स्टॉप साइन होता ना?" माझे हात किती तरी वेळ स्टिअरिंगवरच राहिले.

गाडी टो करून नेली. मेकॅनिकने लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावलं. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची पोलादी नळी एका प्लास्टिकच्या क्लिपपाशी फुटली होती. तिथला गंज बोटाने चोळला तर पापुद्रे निघत होते. तो म्हणाला, "प्रोफेसर, तुम्ही काय शिकवायचात म्हणालात?"

मंडळी, मी छत्तीस वर्षं गंज शिकवला. आपल्या भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ आणि मिठाचं पाणी टाकतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. क्लिपच्या फटीत खारट चिखल अडकतो, तिथे ओल टिकते, प्राणवायू कमी पोचतो, क्लोराइड साठत जातं, आणि फटीच्या आत धातू बाहेरच्यापेक्षा वेगाने खाल्ला जातो. याची आकृती मी फळ्यावर दर वर्षी काढली. परीक्षेत प्रश्न विचारले, चुकलेल्यांचे गुण कापले. आणि माझ्याच गाडीखाली तीच आकृती वीस हिवाळे तयार होत होती.

याहून वाईट गोष्ट मी बरेच दिवस कोणाला सांगितली नव्हती. त्या उन्हाळ्यात ब्रेकच्या तेलाची पातळी थोडी खाली गेलेली मी पाहिली होती. ब्रेक पॅड झिजले की पातळी उतरते, हे खरं आहे. मी तेच कारण स्वतःला सांगितलं, वरून तेल घातलं आणि झाकण लावलं. अडाण्याला शंका आली असती. मला उत्तर माहीत होतं, म्हणून मी पाहिलंच नाही.

सगळ्या नळ्या बदलल्या. नव्या नळ्या तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या. त्या हाताने वळवता येतात आणि मिठाला दाद देत नाहीत. मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, गाडी विका, नाहीतर तिला तुमच्याबरोबर पाठवणार नाही." ती रागावली नव्हती, घाबरली होती. मला वाद घालता आला नाही.

तोडगा नातीने काढला. वहीत तीन रकाने आखले. पहिला, 'जीव जाईल': ब्रेक, टायर, स्टिअरिंग. दुसरा, 'पैसे जातील': बेल्ट, पंप, गिअरबॉक्सचं तेल. तिसरा, 'चालेल': फाटलेलं लेदर, अंधुक झालेले डॅशबोर्डचे काटे. माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं मी सर्वांत जास्त रविवार तिसऱ्या रकान्यावर घालवले होते. कारण तोच लोकांना दिसतो. आता पहिला रकाना वर्षातून दोनदा मेकॅनिक तपासतो, मी नाही. ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदलतो. हिवाळा संपला की गाडी खालून धुऊन घेतो.

तक्ता फ्रिजवर लावला होता. एके दिवशी पाहतो तर पहिल्या रकान्यात हिच्या अक्षरात एक ओळ वाढलेली: 'चालवणाऱ्याचे डोळे.' काही महिन्यांपासून रात्री समोरच्या दिव्यांभोवती मला वलयं दिसत होती. मी हिला म्हणायचो, "हल्ली लोक फार प्रखर दिवे लावतात." तेही खरंच आहे, पॅडच्या कारणाइतकंच खरं. पण ही शेजारच्या सीटवर बसते, तिला सगळं कळत होतं. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, आता छान दिसतं. तरीही पंचाहत्तरीनंतर रात्री गाडी चालवायची नाही असं ठरवलं, आणि ते वहीत लिहून खाली सही केली. साक्षीदार म्हणून नातीची सही आहे.

तेव्हा यंदा दिवाळीच्या कार्यक्रमाला संध्याकाळी पार्किंगमध्ये 'ती' दिसली नाही तर काळजी नसावी. आम्ही मुलीच्या गाडीतून येऊ. मागच्या सीटवर बसून रस्ता पाहायला मिळतो, हेही काही वाईट नाही.

या दसऱ्यालाही गाडीची पूजा झाली. फक्त क्रम बदलला. आदल्या दिवशी गाडी मेकॅनिकच्या लिफ्टवर चढवली. नात आणि मी टॉर्च घेऊन खाली उभे राहिलो आणि एकेक नळी, एकेक क्लिप पाहिली. घरी येऊन वहीत टिकमार्क केले. हार दुसऱ्या दिवशी घातला.